गोळी देण्याआधी तपासा : मराठवाड्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी व तालुका आरोग्य अधिकारी,
मराठवाडा

विषय : प्राथमिक आरोग्य केंद्रात बायकांची आतून तपासणी नियमित सुरू करण्याबाबत

सन्माननीय साहेब, मॅडम,

मी बीड जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून लागले, पुढे आरोग्य सहाय्यिका झाले आणि त्याच पदावरून निवृत्त झाले. उपकेंद्रं, तांडे, ऊसतोडीला जाणारी गावं, सगळं पायाखालचं आहे. हे पत्र टपालाने तुमच्या कार्यालयात पाठवता आलं असतं. पण ज्यांच्याबद्दल ते आहे त्या बायकांच्याही कानावर ते जावं, त्यांच्या लेकीसुनांनी मोबाइलवर वाचून दाखवावं, म्हणून उघड लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. अंगावरून पांढरं जातंय, खाली खाज सुटते, वास येतो, लघवीला आग होते, अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला टेबलावर घेऊन तपासल्याशिवाय औषध देऊ नका. आणि ती तपासणी तिच्या गावापासून सगळ्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातच होऊ द्या. तेवढ्यासाठी तिला अंबाजोगाईच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या मोठ्या सरकारी रुग्णालयात जायला लावू नका. ती जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

ही तक्रार आपल्याकडे येते कशी, ते बघा. केसपेपरवर बाई कंबरदुखी लिहून घेते, नाहीतर चक्कर, नाहीतर हातपाय गळणं. आत खुर्चीवर डॉक्टर पुरुष. दारात बापे रांगेत उभे, शिपाई आतबाहेर करतोय, आणि शेजारी सासू. डॉक्टर विचारतात, ती सांगते, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या लिहून मिळतात. मग ती माझ्या टेबलाशी येऊन रेंगाळते. सासू औषधाच्या खिडकीकडे गेली की पदर तोंडाशी धरते आणि म्हणते, "सिस्टर, पांढरं लई जायलंय. परकर सारखा बदलावा लागायलाय." कधीपासून, असं विचारलं तर महिने-दिवस सांगत नाही. "धाकटं झालं तवापासून," म्हणते. आणि धाकटं शाळेत जात असतं.

त्या दोन मिनिटांत सिस्टरने काय करायचं? कपाटातून किट काढायचं, पुडी हातात ठेवायची आणि "स्वच्छता ठेव गं बाई" म्हणायचं. नोंदवहीत नोंद होते. महिन्याच्या बैठकीत औषध किती जणींना दिलं ते विचारलं जातं. त्यातल्या किती जणींना तपासलं, हे मला माझ्या नोकरीत कुणीही विचारलं नाही.

किटवर माझा राग नाही. नॅको या एड्स नियंत्रणाच्या सरकारी संस्थेने रंगांनुसार किटं केली, त्यातलं दोन नंबरचं हिरवं किट पांढऱ्या पाण्यासाठी. त्यात जंतूंवरचं सेक्निडॅझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल. विचार करून बनवलेली गोष्ट आहे, जिथे काहीच सोय नाही तिथेही बाईला औषध मिळावं म्हणून. पण त्याच मार्गदर्शनात स्पेक्युलम, म्हणजे आत बघायचा चिमटा, लावून आत बघा, गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडातून पू येतोय का ते बघा, तसं असेल तर करड्या रंगाचं एक नंबरचं किटही द्या, असं लिहिलेलं आहे. आपण कागदाचा शेवटचा भाग तेवढा उचलला आणि आधीची तपासणी गाळून टाकली.

न बघता दिलेल्या गोळीने काय होतं, ते सांगते.

पांढरं जाणाऱ्या कितीतरी जणींना मुळात आजारच नसतो. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखं तार धरणारं पाणी जातं, पाळीच्या आधी थोडं दाट होतं, पोटुशी असताना वाढतं. वास नाही, खाज नाही, आग नाही, तर ते शरीराचं रोजचं काम आहे. पण गावात बाईला सांगितलेलं असतं की हाडांचं पाणी होऊन जातंय, त्याने ताकद जाते. ती खरोखर खंगत जाते, ती त्या धास्तीने आणि रक्त कमी असल्याने. अशा बाईला तपासून "तुला काही झालेलं नाही" असं सांगितलं, तर निम्मं काम तिथेच होतं. न तपासता सांगितलं तर तिचा विश्वास बसत नाही, आणि का बसावा?

ज्यांना खरंच आजार असतो त्यांच्यात तीन गोष्टी वरचेवर दिसतात. योनीत चांगले जंतू राहतात, लॅक्टोबॅसिलस नावाचे. विरजणातले जंतू दुधाचं दही करताना जसं आंबट आम्ल तयार करतात, तसंच हे आत करतात, आणि त्या आंबटपणामुळे वाईट जंतूंना थारा मिळत नाही. पाळी येणाऱ्या वयात आतला सामू, म्हणजे आंबटपणाचं माप (पीएच), साधारण ३.८ ते ४.५ असतो. हे चांगले जंतू कमी झाले आणि दुसरे माजले की पातळ, राखाडीसर पाणी जातं आणि त्याला मासळीसारखा वास येतो, विशेषतः नवऱ्याजवळ झोपल्यानंतर. याला मेट्रोनिडॅझोल, सेक्निडॅझोलच्याच जातीचं औषध, साधारण सात दिवस देतात. दुसरी बुरशी, कॅन्डिडा : फुटलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं, आणि खाज अशी की बाईला रात्री झोप नाही. इथे मेट्रोनिडॅझोलचा काही उपयोग नाही, बुरशीचं औषध लागतं, आणि पोटुशी बाईला तोंडाने फ्लुकोनॅझोल न देता क्लोट्रिमॅझोलची गोळी आत ठेवायला द्यावी लागते. तिसरा ट्रायकोमोनास नावाचा परजीवी, पिवळं-हिरवं फेसाळ पाणी, आग. हा नवऱ्याकडून बायकोकडे आणि बायकोकडून नवऱ्याकडे जातो.

आणि चौथी गोष्ट, जिच्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. तोही सुरुवातीला घाण वासाचं पाणी, संबंधानंतर रक्ताचा डाग, एवढंच दाखवतो. त्या बाईला हिरवं किट मिळतं. थोडं बरं वाटतं, मग परत सुरू होतं, मग परत किट. मधल्या काळात काय वाढतंय ते कुणाच्याच डोळ्याला पडत नाही, कारण डोळ्याने कुणी बघितलेलंच नसतं.

आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येक माणसाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, भरतात. त्यात बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत : पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव होतो का, संबंधानंतर होतो का, घाण वासाचं पाणी जातं का. आशा घरोघर फिरून, सासऱ्याला बाहेर पाठवून, हे विचारतात. बाई "हो" म्हणते. त्या "हो" पुढे टेबल, दिवा आणि बघणारी व्यक्ती नसेल तर आशाने तो प्रश्न कोणत्या तोंडाने विचारायचा?

"बायका तपासणीला तयार होत नाहीत." हे वाक्य मी वरिष्ठांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचं उत्तर देणं भाग आहे. उत्तर आपल्याच मातीत आहे. १९९९ पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मंडळींनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठं काम केलं. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. साऱ्या जगाने तो अभ्यास वाचला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. ज्या बायकांना चाचणीला बोलावलं, त्यांतल्या दर पाच जणींतल्या साधारण चौघी आल्या. त्या मुंबई-पुण्याच्या नव्हत्या. दुष्काळी भागातल्या, लुगडं नेसणाऱ्या, शेतात राबणाऱ्या आपल्याच बायका होत्या. त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगितलं, आडोसा दिला, त्या आल्या. आज त्याच जिल्ह्यातल्या त्यांच्या सुना केंद्रात येतात तेव्हा त्यांना तपासायला कुणी टेबल मोकळं करतं का, एवढं धाराशिवच्या साहेबांनी आपल्या केंद्रांत जाऊन बघावं.

त्याआधीही महाराष्ट्रात हे कुणी दाखवलं नव्हतं असं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यातल्या जेमतेम ८ टक्क्यांची त्याआधी कधीतरी आतून तपासणी झालेली होती. मी नोकरीत असताना प्रशिक्षणात हे आकडे आम्हाला सांगितले गेले, आम्ही वहीत उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर येऊन पुड्या वाटू लागलो.

आता सोयींबद्दल. प्राथमिक आरोग्य केंद्रात काही नाही, असं मी म्हणणार नाही. बरंच आहे. प्रसूतीचं टेबल आहे. मी पाहिलेल्या एका केंद्रात त्याच्यावर माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांचे खोके, जुन्या पोस्टरांच्या गुंडाळ्या आणि पल्स पोलिओचे फलक होते, आणि पाय ठेवायचे आधार काढून कोपऱ्यात ठेवलेले, गंजलेले. स्पेक्युलम निर्जंतुक करायच्या ड्रममध्ये होते, ड्रमवरच्या चिकटपट्टीची तारीख जुनी. दिवा होता, बल्ब नव्हता. पडद्याची दांडी होती, पडदा नव्हता. हे सगळं दुरुस्त करायला मुंबईहून मंजुरी आणावी लागत नाही. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून दोन पडदे, एक बल्ब आणि मेणकापड येतं. लागतं ते फक्त कुणीतरी वरच्याने येऊन "हे टेबल कशासाठी आहे?" असं विचारणं.

सूक्ष्मदर्शकही आहे. थुंकी आणि मलेरियाची काच बघणारे तंत्रज्ञ आहेत. त्यांना आणखी एक काच बघायला शिकवा. कापसाच्या काडीवर घेतलेला स्राव सलाईनच्या थेंबात मिसळून लगेच भिंगाखाली धरला तर ट्रायकोमोनास वळवळताना दिसतो. लगेच म्हणते, कारण थंड झाला की तो हलत नाही आणि मग ओळखू येत नाही. दुसऱ्या काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बुरशीचे धागे दिसतात, आणि जंतू माजलेले असतील तर तो मासळीचा वास तिथेच नाकाला येतो. सामू बघायची कागदी पट्टी अगदी स्वस्त मिळते. पाच-दहा मिनिटांचं काम. तीन आजारांतला कोणता ते कळतं, आणि न लागणारं औषध बाईच्या पोटात जात नाही.

बघायचं कुणी, हा प्रश्न तुम्ही विचारणार. बाई डॉक्टर सगळीकडे नाहीत, मान्य. पण स्टाफ नर्स आहेत, आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, त्यांतल्या कितीतरी मुली आहेत, शिकलेल्या आणि हुशार. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते बघायचं, ही तपासणी नर्ससुद्धा करू शकते. ३० ते ६५ वयाच्या बायकांची ती दर पाच वर्षांनी व्हावी, असं सरकारचंच धोरण आहे. म्हणजे स्पेक्युलम लागणारच आहे. मग त्याच बैठकीत पांढऱ्या पाण्याची तक्रारही बघून होते. दर महिन्याच्या ९ तारखेला पोटुशी बायकांसाठी तज्ज्ञ डॉक्टर बघायला येतात, २०१६ पासून ते चालू आहे आणि चांगलं चालू आहे. असाच एक ठरलेला दिवस पोटात लेकरू नसलेल्या बाईसाठी द्या. आपल्या सगळ्या नोंदवह्या बाई पोटुशी राहिली की उघडतात आणि तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं की मिटतात. त्यानंतरची चाळीस वर्षं ती कुणाच्या यादीत नसते.

आता त्या "स्वच्छता ठेव" बद्दल. हे म्हणणं थांबवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यात बाईला एकच ऐकू येतं : तू घाणेरडी आहेस म्हणून तुला हे झालं. ती घरी जाऊन आतून साबणाने धुते. कुणी डेटॉल घालते, कुणी तुरटीचं पाणी, कुणी लिंबू. आतले चांगले जंतू धुऊन निघतात आणि होता त्यापेक्षा त्रास वाढतो. योनी स्वतःला आतून स्वच्छ ठेवते, आत पाणीसुद्धा मारायची गरज नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने रोज एकदा धुवायचा, शी झाल्यावर पुढून मागे धुवायचं, मागून पुढे नाही, आणि कोरडं करायचं. संबंधानंतर लघवीला जाऊन यायचं. एवढंच. यात विकत आणायचं काही नाही. लातूरला ट्यूशनसाठी हॉस्टेलवर राहणाऱ्या मुली सुगंधी इंटिमेट वॉश आणि रोजचे पातळ पॅड वापरतात, जाहिरात बघून. त्यांनाही हेच सांगायला हवं, आणि घट्ट जीन्सच्या आत सुती निकर घाला, हेही.

पण एवढं साधं करायलाही बाईला पाणी आणि आडोसा लागतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. टँकरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात काय होतं ते मी पाहिलं आहे. घरात पाणी आलं की आधी प्यायला, मग गुरांना, मग स्वयंपाकाला, पुरुषांच्या अंघोळीला, आणि पाळीचं फडकं धुवायला उरलं तर. फडकं वाईट नसतं. जुन्या सुती साडीचा तुकडा साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवला तर पॅडइतकाच चांगला. पण तो न्हाणीच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली, कुणाला दिसू नये असा वाळत घातलेला असतो आणि दमट असतानाच परत वापरला जातो. पॅड असेल तर चार-सहा तासांनी बदलायला हवा. जनऔषधी केंद्रात एक रुपयाला पॅड मिळतो, पण जनऔषधी केंद्र तालुक्याला आणि बाई वाडीवर. लघवीला जायला आडोसा नाही म्हणून बाई दिवसभर पाणीच पीत नाही, मग लघवीची आग, ताप, थंडी. तिला सल्ला काय मिळतो? भरपूर पाणी पी. पंचायतीच्या बैठकीला तुम्ही जाता तेव्हा टँकरच्या खेपांबरोबर हे बोला. आरोग्य खात्याने बोललं तर त्याला वजन येतं.

ऊसतोडीच्या बायकांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण त्यांच्या बाबतीत न तपासण्याची किंमत सगळ्यात मोठी पडली. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. दसरा-दिवाळीला टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. कारखान्याजवळ पालं पडतात, न्हाणी नाही, संडास नाही. पहाटे तीन-चारला उठून फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि पाळी असली तर त्याच फडक्यावर अख्खा दिवस. खाडा केला तर पैसे कापले जातात. तिला खाज, पांढरं पाणी, ओटीपोटात कळ, हे सगळं होणारच. ती तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते, "पिशवीला सूज आहे, खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल" असं सांगितलं जातं. दोन लेकरं झालेली, ऑपरेशन झालेलं, कॅन्सरचं नाव ऐकून बाई हादरते. मुकादमाकडून आणखी उचल घेऊन पिशवी काढली जाते.

२०१९ मध्ये हे बाहेर आलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजार ८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. त्यानंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असं सांगितलं. हे चांगलंच झालं. पण परवानगीचा कागद बाईची खाज थांबवत नाही. तिचं दुखणं तिथेच आहे आणि तिला बघणारं सरकारी टेबल अजून रिकामं नाही.

पिशवी काढलेल्या एका बाईला मी उपकेंद्रात तपासलं होतं. तिशीसुद्धा ओलांडलेली नव्हती. ऑपरेशनला बराच काळ झालेला, टाक्याची खूण पोटावर, अंगातून वाफा निघतात म्हणाली, गुडघे धरलेले, बहुतेक अंडाशयंही काढली होती. मला म्हणाली, "सिस्टर, पिशवी गेली तरी पांढरं जायाचं काही थांबंना." थांबणार कसं? तिचा आजार योनीत होता. कॅन्डिडा होता, दह्यासारखे गोळे भिंतीला चिकटलेले दिवसाउजेडी दिसत होते. सहा दिवस आत ठेवायच्या गोळ्यांनी ती बरी झाली. ऑपरेशनच्या आधी कुणी आत बघितलं होतं का, असं विचारलं. "नाही, पोटावरूनच मशीन फिरवली," म्हणाली.

टोळ्या निघण्याआधी गावोगाव शिबिरं होतात. मी केलेल्या शिबिरांत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि गोळ्यांचं वाटप एवढंच व्हायचं. त्यातच पडद्याआड एक टेबल ठेवा. परत आल्यावरही ठेवा. आणि कारखान्यावर असताना तिला जवळच्या केंद्रात तपासून घेता यावं, म्हणून तिच्या कार्डावर काय आढळलं, काय दिलं ते लिहून द्या. ती साताऱ्यात असेल, कोल्हापुरात असेल, कर्नाटकात असेल, कार्ड तिच्याबरोबर जाईल.

नवऱ्यांचं काय? ट्रायकोमोनास निघाला की दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावं लागतं. नवऱ्याला बहुतेकदा काही त्रासच नसतो, त्यामुळे तो म्हणतो, रोग तुझा, गोळी मी का खाऊ? बाईच्या हातात नवऱ्याची पुडी देऊन आपण तिला मार खायला घरी पाठवतो, असं मी डोळ्याने पाहिलं आहे. हे काम आरोग्य सेवकावर सोपवा, बाईला विचारून, ती हो म्हणाली तरच. पुरुषाशी पुरुष बोलला की तो ऐकतो. औषध पोटात आहे तोवर दारू नाही, हेही त्यालाच सांगितलेलं बरं.

वरचेवर खाज येणाऱ्या बाईची साखर बघा. माझ्या गावात चाळिशीतली एक बाई मेडिकलवाल्याकडून मलम आणून लावायची, स्टेरॉइड मिसळलेलं. लावलं की दोन दिवस बरं, मग दुप्पट. कातडी कागदासारखी पातळ झाली होती, लघवी लागली की रडायची. उपकेंद्रातल्याच यंत्रावर बोटाचं रक्त बघितलं, साखर तीनशेच्या वर. मधुमेहाचं औषध सुरू झालं आणि खाज आपोआप उतरली.

पाळी गेलेल्या बायकांना कुणी विचारतच नाही. आत कोरडं पडतं, आग होते, लघवीला सारखं जावं लागतं, त्याला औषध आहे. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासणी झालीच पाहिजे. अंग बाहेर येणाऱ्या म्हाताऱ्या चिंधी खोचून वर्षं काढतात. त्यांच्यासाठी रबरी कडी असते, ती बसवणं अवघड नाही. आणि शाळेतल्या मुलींना किशोरवयीनांसाठीच्या सरकारी मैत्री क्लिनिकमधून एवढं तरी कळू द्या की पाळी येण्याआधी पांढरं जाणं हा रोग नाही.

मी काय मागते आहे ते पुन्हा सांगत बसत नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही एका केंद्रात, न कळवता, सकाळच्या ओपीडीला जा. टेबलावर काय ठेवलंय ते बघा, ड्रमवरची तारीख वाचा, पडदा ओढून बघा. मग सिस्टरला विचारा की या महिन्यात आतून किती जणींना तपासलं. तिला दोष देऊ नका. तिला कुणी शिकवलं नसेल, किंवा शिकवून कधी करू दिलं नसेल. शिकवायला माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर प्रत्येक तालुक्यात आहेत. आम्हाला बोलवा, मानधन नको, एसटीचं तिकीट आम्ही काढू. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात, त्याआधी निदान ऊसतोडीच्या गावांतल्या केंद्रांत हे सुरू व्हावं. भाद्रपदात पत्र आलं तरी मी यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका
जिल्हा बीड